योनागोची नऊ मिनिटं

शिगेची आयुष्यात एकही गाडी चुकली नव्हती, आणि याचा तिला भारी तोरा होता. बावीस वर्षं ती पहाटेच्या पहिल्या गाडीनं साकाई बंदराकडून योनागोला यायची. पाठीवर पत्र्याची पेटी, पेटीत बांगडे, माकुल, लेपे, आणि पेटीच्या कडेनं गळणारं खारं पाणी. योनागोला उतरायचं, डोंगरातल्या गाडीत चढायचं, कुरोसाकाच्या पुढच्या खेड्यांत दारोदार मासे घालायचे आणि संध्याकाळी रिकाम्या पेटीत तांदूळ नाहीतर सोयाबीन भरून परत यायचं.

आमचं योनागो म्हणजे गाड्या बदलायचं गाव. पूर्वेची तोत्तोरीकडची वाट, पश्चिमेची मात्सुएकडची, उत्तरेला बंदराची आणि दक्षिणेला डोंगरातली, अशा चारी वाटा इथं येऊन मिळतात. त्यामुळं इथं सगळं जग येतं आणि पुढं निघून जातं. मुक्कामाला कोणी नसतं. गावातल्या माणसांनाही त्यामुळं एक वाईट सवय लागली आहे, कोण आलं-गेलं याची चौकशी न करण्याची. मी याच गावचा, म्हणून हक्कानं बोलतो.

मासे विकणाऱ्या या बायकांना स्टेशनात ‘पेटी-पलटण’ म्हणत. बावीस-तेवीस जणी. सगळ्यांच्या डोक्याला एकसारखं पांढरं फडकं, अंगात एकसारखी निळी सुती विजार, गुडघ्याखाली रबरी बूट. गाडी कोणतीही असो, त्यांची जागा शेवटच्या डब्यात. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण एकदा एका नव्या बाईनं मधल्या डब्यात पेटी टेकवली, तेव्हा समोरच्या बाईसाहेबांनी नाकाला रुमाल लावून गार्डाकडं नुसतं पाहिलं. तेवढ्यानं काम झालं. फलाटावरही या बायका अगदी मागच्या टोकाला, छपराच्या बाहेर, पाऊस-बर्फ अंगावर घेत पेट्यांवर बसून असायच्या. डोंगरातली गाडी तिथूनच मिळायची.

शिगे या पलटणीतली वजनदार बाई. नवरा अडतीस सालच्या नोव्हेंबरात होडी घेऊन गेला तो आलाच नाही. पदरात तीन वर्षांची मुलगी, सुमिए. सासरच्यांनी तोंडं फिरवल्यावर शिगेनं पाठीला पेटी लावली आणि पोरीला वाढवलं. बोलायला फटकळ, हिशोबाला चोख आणि शब्दाला पक्की. एका साली बर्फानं डोंगरातल्या गाड्या बंद पडल्या होत्या. कुरोसाकाच्या एका घरी लग्न होतं आणि शिगेनं त्यांना ताम मासा कबूल केला होता. बाई रुळांवरून चालत तीन कोस बर्फ तुडवत गेली आणि लग्नघरात मासा पोचवून मगच चुलीपाशी बसली. ही गोष्ट पलटणीतली प्रत्येक बाई नव्या बाईला सांगायची. शिगे सांगत नसे, पण दुसरी कोणी सांगत असली की गप्प बसून ऐकायची, आणि एखादा तपशील सुटला तर तेवढा पुरवायची.

अशा माणसाला शब्दाचं ओझंही होतं. ते ओझं तिनं स्वतःच्याच हातानं चढवून घेतलं.

सुमिए वीस वर्षांची झाली आणि पश्चिमेकडं हामादाच्या डबाबंद माशांच्या कारखान्यात कामाला लागली. दीड वर्षांनी पत्र आलं की तिनं लग्न केलंय. नवरा भंगार गोळा करणारा, कोरियन. आमच्याकडं त्या काळी कोरियन जावई म्हणजे काय, ते आज तरुण पोरांना सांगून पटायचं नाही. आणि पटत नाही हे बरंच आहे. ते पत्र शिगेनं चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशी गाडीच्या शेवटच्या डब्यात बायकांनी विचारलं, "सुमिए काय म्हणते गं? या वर्षी तरी लाडू देणार का आम्हाला लग्नाचे?" शिगे पेटीची दोरी आवळत म्हणाली, "मला मुलगी नाही. पुन्हा कोणी विचारू नका."

कोणी विचारलं नाही. चार वर्षं झाली. शिगे रोज पेटी घेऊन येत-जात राहिली. रात्री कधी झोप उडाली तर उठून पेटी घासायची. हात्सु तिची शेजारीण, पलटणीतली तिच्या अगदी बरोबरीची, ती म्हणायची, "तुझी पेटी इतकी चकचकीत असते की मासा स्वतःचं तोंड बघून लाजेल." हात्सुला शिगेच्या मनातलं कळत होतं की नाही, देव जाणे. बहुतेक नाही. हात्सु हसरी, भाबडी बाई. शिगे जे बोलते तेच शिगेच्या पोटात आहे, असं ती धरून चालायची.

साठ सालच्या मार्चमध्ये एक कार्ड आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, सहा ओळींचं.

‘तेरा तारखेला सकाळी सात वीसला आमची गाडी योनागोला येईल. इंजिनात पाणी भरायला नऊ मिनिटं थांबते म्हणतात. आम्ही नीगाताहून जहाजानं यांच्या देशात, उत्तरेकडं जातोय. तीन वर्षांनी आम्हा बायकांना माहेरी येऊ देणार आहेत. तू आलंच पाहिजेस असं नाही. थंडीत पाठ जप.’ खाली नुसतं ‘सुमिए’. आडनाव नाही, पत्ता नाही.

त्या वर्षी अशी खूप माणसं उत्तर कोरियात गेली. तिकडं घर मिळतं, काम मिळतं, पोरांना शाळा मिळते असं सांगत होते, आणि इकडं त्यांना काहीच मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. कोरियन नवऱ्यांबरोबर आमच्या इकडच्या लेकीही गेल्या. तीन वर्षं म्हणाले होते. आमच्या भागातून गेलेली एकही परत आलेली मी पाहिली नाही.

शिगेला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. पण समुद्र तिला ठाऊक होता. तिनं कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि देवघरात नवऱ्याच्या नावाच्या पाटीमागं ठेवलं. तीन दिवस ते तिथंच राहिलं. चौथ्या दिवशी ती हात्सुला म्हणाली, "उद्या-परवा मी येत नाही. पाठ धरलीय."

"तुझी पाठ?" हात्सु हसली. "बंदरातली धक्क्याची भिंत म्हणाली मला सर्दी झालीय, तर त्यावर बसेल माझा विश्वास. जा, झोपून राहा. कुरोसाकाची तुझी घरं मी करते."

खरं सांगून टाकायला तेव्हा काय हरकत होती? हात्सुनं आनंदानं तिच्या गळ्यात हात टाकले असते. पण चार वर्षांपूर्वी तेवीस बायकांसमोर तोडलेलं नातं आता त्याच तेवीस जणींसमोर जोडायचं, हे शिगेला जमेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत.

बारा तारखेला दुपारच्या गाडीनं ती योनागोला आली. लाकडी पादत्राणांचं दुकान चालवणाऱ्या नोसाकाबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. विधवा, तिखट जिभेच्या, पण शिगेला मानणाऱ्या. शिगेनं त्यांना सगळं सांगितलं. परक्यापाशी सांगणं सोपं गेलं.

"हं," नोसाकाबाई म्हणाल्या. "म्हणजे चार वर्षं नाक वर करून बसलीस आणि आता नऊ मिनिटांत सगळं उरकायचं आहे."

"बोला, बोला. मला ऐकून घ्यायचंच आहे."

"बोलून काय उपयोग? आधी न्हाणीघरात जा. फडक्यात काय आणलंयस?"

"सुकवलेले लेपे. तिला आवडायचे."

"आणि ते घेऊन तू तिच्या सासरच्यांपुढं उभी राहणार? माझ्या दुकानातल्या मांजरी आत्ताच गोळा झाल्यात."

शिगेला ते पटलं. तिला तर दुसऱ्या कशाहीपेक्षा त्याचीच धास्ती होती. सुमिए शाळेत असताना एकदा शिगे पेटीसकट शाळेच्या दारात गेली होती, तेव्हा पोरांनी नाकं धरली होती आणि सुमिए खाली मान घालून उभी राहिली होती. आता निदान शेवटच्या भेटीत तरी पोरीला मान खाली घालावी लागू नये. त्या संध्याकाळी शिगेनं तीनदा आंघोळ केली. तांदळाच्या कोंड्यानं हात घासले, नखांतली खवलं काढली, केस धुतले. नोसाकाबाईंनी स्वतःचा काळा रेशमी झगा दिला, पांढरे मोजे दिले आणि लेप्यांऐवजी बाजारातून मिठाईचा एक खोका आणून ठेवला.

"उभी कुठं राहणार आहेस?" त्यांनी विचारलं.

शिगे मोज्यांची घडी सारखी करत राहिली. फलाटावर उभं राहायची तिला एकच जागा ठाऊक होती.

"मागं जाऊन बसू नकोस तुझ्या पलटणीत. माझा भाचा स्टेशनात आहे. तो म्हणतो, त्या लोकांचे दोन डबे इंजिनाला लागूनच आहेत. तू आपली पुढं जा. आणि वाकू नकोस जास्त, कंबर ताठ ठेव. मुलीची आई आहेस तू."

सकाळी सातच्या आधीच शिगे फलाटाच्या पुढच्या टोकाला होती. इतक्या वर्षांत ती तिथं कधी गेली नव्हती. तिथून स्टेशन वेगळंच दिसत होतं. गावातली कोरियन मंडळी जमली होती, हातांत निशाणं, बायका रुंद घेराच्या झग्यांत, एकाच्या गळ्यात ढोल. आमच्यातलेही काही होते, दोन शिक्षक, रेल्वेतले कामगार. लांब मागं, छपराच्या पलीकडं, पांढरी फडकी बसलेली होती. त्यांनी आपल्याला पाहू नये म्हणून शिगे खांबाच्या आड झाली.

गाडी वेळेवर आली. आमच्याकडं गाडी वेळेवर येते, त्यात काय नवल.

खिडक्या वर गेल्या आणि एकदम शेकडो हात बाहेर आले. ढोल सुरू झाला, गाणं सुरू झालं, कोणी हसत होतं आणि कोणी ओरडून रडत होतं. शिगे बुटकी. पहिल्या डब्याच्या खिडक्यांखाली ती माणसांच्या कोपरांमधून वाट काढत चालली. "सुमिए," ती म्हणाली. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं. चार वर्षांत ते नाव तिच्या तोंडातून मोठ्यानं निघालं नव्हतं, ते नीट निघेना. एका खिडकीत केस बांधलेली एक मुलगी वळली. दुसरीच कोणी होती. पहिला डबा संपला. दुसऱ्या डब्यात चौथ्या की पाचव्या खिडकीशी एक माणूस बसला होता, रुंद कपाळाचा, मांडीवर लाल लोकरीची टोपी घातलेली दोनेक वर्षांची पोर. शिगेनं आत डोकावलं, त्याच्या शेजारी बाई नव्हती. त्या माणसानं शिगेकडं पाहिलं, आणि काही विचारावं तसा तो थोडा उठला. परक्या पुरुषाकडं टक लावून काय पाहायचं, म्हणून शिगेनं नजर खाली केली आणि ती पुढच्या खिडकीकडं गेली.

दुसरा डबाही संपला. ती उलटी फिरली. दोन्ही डबे पुन्हा पाहिले.

स्टेशनच्या घड्याळात सात सव्वीस झाले होते. आणि तेव्हा शिगेच्या मनात आलं की पोरगी आत आहे, तिनं आपल्याला पाहिलंय आणि ती मुद्दाम खिडकीशी येत नाही. कार्डात लिहिलंच होतं की, तू आलंच पाहिजेस असं नाही. तेच खरं. चार वर्षं आपण तोंड फिरवलं, आता तिची पाळी. तिचा हक्कच आहे. शिगेनं हाका मारणं थांबवलं. लोकांच्या गर्दीतून ती दोन पावलं मागं सरली, नोसाकाबाईंनी सांगितल्याप्रमाणे कंबर ताठ केली आणि तशीच उभी राहिली. पोरीला बघायचं असेल तर तिला दिसावं, एवढंच. मिठाईचा खोका तिनं दोन्ही हातांत पोटाशी धरला होता.

उरलेली तीन मिनिटं ती तशी उभी होती. त्या तीन मिनिटांत पूर्ण गाडी मागपर्यंत चालत पाहता आली असती. मी हे तिच्यावर राग म्हणून सांगत नाही. पण राग येतो.

शिट्टी झाली. गाडी हलली. आमच्याकडं माणूस निघाला की तो दिसेनासा होईपर्यंत वाकून राहायची रीत आहे. शिगे कमरेत खोल वाकली. समोरून पहिले दोन डबे गेले, मग तिसरा, चौथा, सगळी गाडी. तिला फक्त चाकं ऐकू येत होती आणि फलाटाच्या फरशीवरचा विरघळलेला बर्फ दिसत होता. आवाज थांबल्यावर तिनं मान वर केली तेव्हा रूळ रिकामे होते.

नोसाकाबाई दुकानाच्या दारातच उभ्या होत्या. तोंड पाहूनच त्यांनी झगा काढून घेतला आणि चहा ठेवला. मिठाईचा खोका शिगेनं तिथंच ठेवला.

दुपारी ती घरी आली, कामाचे कपडे चढवले, पाठ धरल्याचं खोटं बोलली होती म्हणून अंथरूण घालून पडून राहिली. दिवस मावळायच्या बेताला हात्सुनं दार सरकवलं. हातात डोंगरातून आणलेल्या सोयाबीनची पिशवी आणि वाडग्यात गरम टोफू. उंबऱ्याच्या आतल्या कट्ट्यावर तिनं बैठक मारली.

"कशी आहे पाठ?"

"बरी आहे."

"पडून राहा. उठू नकोस. कुरोसाकाच्या म्हातारीनं तुझ्या नावानं हे दिलंय. म्हणते शिगेनं आजारी पडायचं नाही, मग आम्ही काय करायचं." हात्सुनं वाडगं कट्ट्यावर ठेवलं. तिला पोटात काही ठेवता येत नसे. "शिगे, रागावू नकोस. तू म्हणाली होतीस तिचं नाव काढायचं नाही. पण सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. तुझी सुमिए भेटली आज."

शिगेनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"अगं, ती पश्चिमेकडची गाडी नाही का आली, कोरियन लोकांची? आम्ही आपल्या पेट्यांवर बसलोय. गाडी थांबतीय न थांबतीय तोच शेवटच्या डब्यातून एक पोर उडी टाकून उतरली. पुढच्या डब्यातनं चालत मागं आली होती म्हणे, आधीच्या स्टेशनापासून. कारण आई असेल तर शेवटच्या डब्यापाशीच असेल. दुसरीकडं कुठं असणार? आणि आम्हा सगळ्यांची फडकी सारखी. एकेकीच्या तोंडाकडं वाकून बघतेय. यासुला तर तिनं ‘आई’ म्हणून हातच धरला. यासु बिचारी घाबरली."

"मग?" शिगे म्हणाली.

"मग मी म्हटलं, अगं सुमिए ना तू? मला ओळखलं तिनं. म्हणाली, हात्सुमावशी, आई कुठंय? मी म्हटलं, आज आलीच नाही बाई. म्हणाली, पत्र मिळालं नसेल का? आता मी काय सांगणार? तू तर मला काही बोलली नव्हतीस. पण मी तुझी बाजू सांभाळली हो. मी म्हटलं, पोरी, तू तुझ्या आईला ओळखतेस. बर्फातनं तीन कोस चालत गेलेली बाई. एकदा बोलली की बोलली. शब्दाची पक्की आहे ती."

खोलीत अंधार व्हायला लागला होता. दिवा लावायला कोणी उठलं नाही.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. मान हलवली. म्हणाली, हो, ठाऊक आहे. तरी जागेवरनं हलेना. शिट्टी होईपर्यंत तिथंच होती आमच्यात. यासुनं पेटी पुढं केली तर पेटीवर बसली, चांगल्या कोटातली पोर, वासबीस काही म्हणाली नाही. उलट झाकणाला नाक लावलं बघ. लेपे आहेत का म्हणाली." हात्सुनं बाहीनं डोळे पुसले. "एक मुलगी झालीय तिला. मी म्हटलं, दाखव की. म्हणाली, पुढच्या डब्यात बापाजवळ खिडकीत बसवलीय, आजी चुकून पुढं आली तर तिला दिसावी म्हणून लाल टोपी घातलीय. मग शिट्टी झाली. आम्हा एकेकीला वाकून नमस्कार केला आणि चढली. शेवटपर्यंत दारात उभी राहून मागं बघत होती, आमच्याकडं. आम्ही फडकी हलवली."

शिगेनं भिंतीकडं तोंड केलं.

"नाही आलीस तेच बरं झालं," हात्सु म्हणाली. "उगीच रडारड झाली असती. तुझा मान राहिला. चुकलं का माझं काही? तू सांग. काही चुकीचं बोलले का मी?"

शिगेला सांगता आलं असतं. पण मग हात्सु तिथंच कट्ट्यावर मोडून पडली असती, आणि उरलेलं आयुष्य तिनं स्वतःच्या जिभेला शिव्या देत काढलं असतं. तिची काही चूक नव्हती. तिनं शिगेचंच वाक्य पोचवलं होतं.

"नाही," शिगे म्हणाली. "बरं केलंस."

टोफू थंड झाला. हात्सु गेल्यावर शिगे उठली, देवघरातलं कार्ड काढलं आणि ते पोटाशी धरून बसून राहिली. लाल टोपी तिनं पाहिली होती. दोन वेळा पाहिली होती, जाताना आणि येताना. तो माणूस थोडा उठला होता. त्याला काय विचारायचं होतं ते आता तिला कळत होतं. ती आवाज न करता रडली, तोंडात बाही कोंबून, कारण शेजारी हात्सु होती.

पण शिगे हातपाय गाळणारी बाई नव्हती. सकाळी तिला सुचलं की जहाज लगेच सुटत नाही. नीगाताला या लोकांना तीन रात्री ठेवून घेतात, असं नोसाकाबाईंचा भाचा म्हणाला होता. ती पहिल्या गाडीला गेली नाही. टपाल कचेरी उघडायच्या आधीपासून दारात उभी राहिली. खिडकीमागं यानो नावाचा वयस्क कारकून होता. तिनं तारेचा कागद मागून घेतला आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: ‘आई स्टेशनात होती. पुढं उभी होती. लाल टोपी पाहिली.’ वर नाव घातलं, आपल्याच आडनावानं, कादोवाकी सुमिए, नीगाता, जहाजानं जाणाऱ्यांच्या मुक्कामी.

"पोचेल ना?" तिनं विचारलं.

"दुपारच्या आत पोचेल, बाई," यानो म्हणाला.

तो दिवस आणि दुसरा दिवस शिगेनं मासे विकले. डोंगरातल्या बायकांना वाटलं, शिगेची पाठ अजून बरी नाही, कारण ती काही बोलत नव्हती. पण तिच्या पायांत एक घाई होती. पोरीला आता कळलं असेल. उत्तर नाही आलं तरी चालेल, कळलं की पुरे. तिनं मनाशी सतरा वेळा हिशोब केला, तार कधी पोचली असेल, कोणी हातात दिली असेल, कुठल्या खोलीत बसून वाचली असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारीच ती उरलेले मासे तसेच घेऊन परतली आणि गाडीतून उतरून पेटीसकट कचेरीत गेली. यानोनं तिला पाहिलं आणि ड्रॉवरमधून एक कागद काढून खिडकीतून पुढं सरकवला. तिचीच तार होती. कडेला चिठ्ठी डकवलेली.

"परत आली, बाई. या नावाचं कोणी यादीत नाही म्हणतात."

"असं कसं होईल? ती तिथंच आहे."

"तिथं असेल हो. पण त्यांच्या याद्या नवऱ्याच्या नावानं असतात, आणि तीही कोरियन नावं. कादोवाकी शोधून कशी सापडणार? हजारभर माणसं." यानोनं घड्याळाकडं पाहिलं. "आणि जहाज आज सकाळी सुटलं. रेडिओवर सांगितलं. तरी पण तिकडच्या पत्त्यावर पुढं-मागं पत्र पाठवता येतं म्हणतात. तुम्ही मला नाव सांगा, मी चौकशी करून ठेवतो. जावयाचं नाव काय?"

ते नाव शिगेला ठाऊक नव्हतं.

सुमिएनं लग्नानंतर दर नव्या वर्षाला एक पाकीट पाठवलं होतं. पहिलंवहिलं पत्र चुलीत गेलं, पण ही चार पाकिटं शिगेनं जाळली नव्हती. वरचं अक्षर ओळखून ती याच खिडकीतून परत पाठवली होती. घेणार नाही, अशी चिठ्ठी यानोनं लावायची आणि तिनं त्यावर स्वतःचा शिक्का उमटवायचा. पाकिटाच्या मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव-गाव असतं. यानोनं ती बाजू पाहिली असणार.

"तुमच्या हातून गेलीत ती," शिगे म्हणाली. "तुम्ही वाचलं असेल. आठवा ना जरा."

"बाई, दिवसाला दोनशे पाकिटं जातात माझ्या हातून." तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. त्यानं चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "नाही आठवत. तुम्हीच आठवून बघा. चार वेळा तुमच्या हातात होतं ते."

मागं रांगेत उभ्या असलेल्या बाईनं नाकाला रुमाल लावला. पेटीतलं पाणी फरशीवर ठिबकत होतं. शिगेला ते दिसत नव्हतं.

"मी पाकीट कधी उलटून पाहिलंच नाही," ती म्हणाली.